गाडीच्या सीटवरचे हट्टी डाग आणि बुटांच्या खुणा कशा काढाव्यात

रविवारी सकाळी उसळ-पोहे आणि जिलबी बांधून घ्यायची आणि गाडीतच बसून खायची, ही इंदूरच्या घराघरांतली जुनी सवय आहे. त्यामुळे इथल्या गाड्यांच्या मागच्या सीटवर हळदीचा डाग दिसला नाही तरच नवल. आमच्या गाडीच्या करड्या कापडी सीटवर असा डाग पडला, तेव्हा शेजारी बसलेल्या मावशींनी घरी पोहोचताच मदत म्हणून कपडे धुण्याचा साबण ओल्या फडक्यावर घेऊन तो घासला आणि पाहता पाहता पिवळा डाग विटकरी लाल झाला. मावशींचा चेहराच उतरला. प्रत्यक्षात डाग वाढलेला नव्हता. हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य क्षारयुक्त साबणाच्या संपर्कात आले की लालसर होते, आणि पाणी मिसळून पातळ केलेले व्हिनेगर टिपले की पुन्हा पिवळे पडते. नुकसान झाले होते ते घासण्याने, कारण तेल आणि रंग दोन्ही कापडाच्या विणीत खोल गेले होते. म्हणूनच डाग दिसताच हात चालवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: डाग कशाचा आहे आणि सीट कशाची आहे.

सीट कापडी आहे की नाही हे स्पर्शानेच कळते, घोटाळा होतो तो रेक्झिन आणि चामडे यांच्यात. सीटच्या खालच्या कडेला किंवा चेनजवळ आवरणाची मागची बाजू दिसत असेल तर ती पाहावी. रेक्झिनच्या मागे विणलेले कापड असते, तर खऱ्या चामड्याची मागची बाजू लवदार आणि तंतुमय असते. कोणतेही द्रावण वापरण्यापूर्वी ते सीटच्या मागे किंवा खाली, नजरेआड असलेल्या जागी लावून ती जागा पूर्ण वाळू द्यावी, कारण रंग उडाला आहे का हे ओल्या कापडावर कळत नाही. पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचे लेबल शिवलेले असेल तर त्या बाजूला पाणी किंवा वाफ मुळीच मारू नये. सीटच्या खाली जाणाऱ्या तारांनाही पाणी लागता कामा नये.

कोरडे काम आधी आणि ओले काम नंतर, हा क्रम कधीही मोडू नये. माळव्याच्या काळ्या मातीचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात बुटांना चिकटून आलेला हा चिखल ओला असताना पुसला, तर त्याचे बारीक कण कापडभर पसरतात. तोच रात्रभर वाळू दिला तर त्याला भेगा पडतात, त्याचे पापुद्रे हाताने उचलता येतात आणि उरलेली धूळ मऊ ब्रश व व्हॅक्यूम क्लीनरने निघते. रंगपंचमीच्या गेरीतून, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीतून, परतल्यावर सीटवर सांडलेल्या गुलालाचेही हेच आहे. त्यावर पाण्याचा एक थेंबही पडू न देता आधी तो पूर्ण ओढून घ्यावा. पिचकारीतला ओला पक्का रंग कापडात मुरला असेल तर तो फिका करता येतो, पण पूर्ण जाईलच असे नाही. म्हणून त्या दिवशी सीटवर जुनी जाड चादर, आणि तिच्याखाली प्लास्टिक, अंथरणे हाच खरा उपाय आहे.

नेहमीच्या सफाईसाठी एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा भांडी घासायचे लिक्विड पुरते. ते घुसळून फेस करावा आणि फक्त फेसच स्पंजवर घ्यावा, पाणी घेऊ नये. सीटचे कापड पातळ असते, पण त्याखालचा फोम जाड असतो आणि त्यात गेलेले पाणी सहजासहजी बाहेर येत नाही. फेस लावताना डागाच्या कडेकडून मध्याकडे यावे, नाहीतर डागाचा घेर वाढतो. त्यानंतर पांढऱ्या सुती फडक्याने दाबून टिपावे आणि फडक्याची बाजू बदलत राहावी. फडक्यावर डागाचा रंग उतरत असेल तोवर काम योग्य दिशेने चालले आहे असे समजावे. शेवटी स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने साबण काढून टाकावा, कारण राहिलेला साबण धूळ धरतो आणि महिनाभरात तिथेच काळपट डाग उमटतो. या शेवटच्या पुसण्याला बोअरिंगचे जड पाणी वापरू नये, त्यातले क्षार वाळल्यावर पांढरी कड सोडतात. नर्मदेच्या नळाचे किंवा आरओचे पाणी घ्यावे. डाग लहान असला तरी शिवणीपासून शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग हलका ओलसर करून पुसावा, म्हणजे पाण्याचे वर्तुळ दिसत नाही.

आता हळदीकडे परत येतो, कारण आपल्याकडे सर्वांत चिवट डाग तोच. उसळीच्या रश्शाचा डाग हा खरे तर दोन डाग असतात, वर तेल आणि त्याच्या आत रंग. तेल काढल्याशिवाय रंगाला हात घालू नये. ताज्या डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर जाड थरात पसरून किमान तासभर, जमल्यास रात्रभर, ठेवावे आणि मग ओढून घ्यावे. शेव किंवा गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) तेलाचा नुसता डाग असेल तर बहुधा एवढ्याने आणि नंतरच्या फेसाने काम भागते. हळद असेल तर तेलानंतर पिवळेपणा उरतो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र विरघळते, म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट पांढऱ्या फडक्यावर घेऊन डागावर दाबावे आणि उचलावे. फडके पिवळे होत जाते. स्पिरिट पेट घेते, तेव्हा हे काम गाडी बंद करून, चारही दारे उघडी ठेवून, सावलीत करावे आणि जवळपास विडी-सिगारेट किंवा उदबत्ती असू नये. एवढे करूनही उरलेली पिवळी छटा उन्हावर सोपवावी. हे रंगद्रव्य प्रकाशात विरते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, म्हणून तर हळदीचे कपडे धुऊन उन्हात टाकत. दारे उघडून डागावर थेट ऊन येईल अशी गाडी दोन-तीन दिवस काही तास उभी करावी. मावशींचा तो डाग अखेर असाच गेला.

दूध आणि रक्त यांचा नियम वेगळा आहे. त्यांना गरम पाणी लावले की त्यातली प्रथिने गोठून धाग्याला चिकटतात, म्हणून पाणी थंडच हवे. इंदूरची शिकंजी लिंबाची नसते, दुधाची आणि सुक्या मेव्याची असते, त्यामुळे ती सांडल्यावर नुसते पुसून भागत नाही, दुसऱ्या दिवशी आंबट वास येतो. एन्झाइम असलेली धुण्याची पावडर थंड पाण्यात विरघळवून तिचे ओलसर फडके डागावर पंधरा मिनिटे ठेवावे आणि मग साध्या पाण्याने टिपावे. बॉलपेनच्या शाईला कापसाच्या बोळ्यावर घेतलेले स्पिरिट चालते, तर च्युइंगमवर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला बर्फ धरून ते कडक झाल्यावर खरवडून काढावे.

बुटांच्या काळ्या खुणांचा प्रश्न बहुधा रेक्झिनवर येतो. पुढच्या सीटच्या पाठीवर मागे बसलेली मुले पाय आपटतात आणि दारालगतच्या कडेवर आपलीच टाच रोज घासते. अशा खुणेवरून नख हलकेच फिरवून पाहावे. नख अडकले तर वरचा थर कापला गेला आहे आणि ते काम सीट शिवणाऱ्या कारागिराचे आहे. नख अडकले नाही, तर ते रेक्झिनवर चढलेले सोलचे रबर आहे, जे फेसाने आणि त्यानेही न गेल्यास पांढऱ्या खोडरबराने निघते. मेलामाइन स्पंज याहून प्रभावी असतो, पण तो अतिशय बारीक पॉलिशपेपरासारखा काम करतो, म्हणून ओला करून चार-सहा हलके हात मारावेत आणि थांबावे, नाहीतर रेक्झिनची चमक त्या जागी कायमची जाते. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर कितीही झटपट वाटले तरी वापरू नये. ते रेक्झिनचा वरचा थर मऊ करून विस्कटतात, आणि मग तिथेच तडे पडतात. जीन्सचा निळा रंग उतरलेला दिसला तर त्याच दिवशी फेसाने पुसावा, महिने लोटल्यावर तो आवरणात मुरतो. चामड्यावर स्पिरिट, व्हिनेगर, खायचा सोडा यांपैकी काहीही लावू नये. सौम्य साबणाचे घट्ट पिळलेले फडके फिरवून वाळल्यावर लेदर कंडिशनर लावणे एवढेच त्याला मानवते.

ब्लीचला तर गाडीत थाराच देऊ नये. ते रंग उडवते, धागा कमकुवत करते, आणि सीटबेल्टच्या बाबतीत धागा कमकुवत होणे जिवावर बेतू शकते. संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये ते मिसळले गेले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. गाडीसारख्या बंद जागेत हा धोका कित्येक पटींनी वाढतो.

वाळवण्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि मीही एकदा दिले नव्हते. ऐन ऑगस्टमध्ये मी मागची सीट अर्धी बादली पाणी ओतून धुतली. वरून ती दुसऱ्याच दिवशी कोरडी लागत होती, पण आतला फोम ओलाच राहिला, आठवड्याभरात कुबट वास सुटला आणि अखेर सीट उघडून फोम बाहेर काढावा लागला. तेव्हापासून मोठी सफाई मी मार्च ते मे या कोरड्या महिन्यांतच करतो. पावसाळ्यात करणे भागच पडले तर सकाळी लवकर सुरुवात करावी, ओल्या जागेवर टेबलफॅनचा झोत सोडावा आणि नंतर काही वेळ एसी लावून गाडी फिरवून आणावी, कारण एसी हवेतला दमटपणा ओढून घेतो. वाळले की नाही हे तळहाताने नीट कळत नाही. पांढरा कागदी रुमाल घडी करून सीटवर ठेवावा, त्यावर गुडघा टेकून मिनिटभर पूर्ण वजन द्यावे आणि तो उचलून पाहावा. कागद जराही ओलसर लागला, तर रात्री काचा पूर्ण बंद करू नयेत आणि दुसऱ्या दिवशी पंखा पुन्हा लावावा.