फायनल बिलात पैसे कापले, तर सही करण्याआधी

ऐरोली ते खारघर पट्ट्यात मी फ्लॅटच्या इंटिरिअरची कामं घेतो. फायनल बिल हातात दिलं की ऐकू येतं, "दादा, राउंड फिगर करा ना." दोन-चार हजार सोडणं आपल्या खुशीचं. पण नव्वद हजार बाकी असताना पार्टी पन्नास पुढे करून पावतीवर 'फुल अँड फायनल' लिहून मागते, तिथे पेन खाली ठेवा.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम ६३. त्यात उदाहरणच दिलंय: पाच हजारांचं देणं, पूर्ण फेड म्हणून दोन हजार दिले, समोरच्याने ते तसेच घेतले, तर सगळं देणं मिटलं. तुमचे उरलेले चाळीस हजार त्या सहीबरोबर जातात. पन्नास नाकारा असं मी म्हणत नाही. सुताराचे, पॉलिशवाल्याचे पैसे थांबत नाहीत. घ्या, पण पावतीवर लिहा: 'फायनल बिलापोटी पन्नास हजार मिळाले, चाळीस हजार बाकी.' खात्यावर रक्कम आली आणि सोबत 'फुल अँड फायनल'चा मेसेज आला, तर त्याच दिवशी लेखी उत्तर टाका.

मग कशाचे कापले, ते आयटमनुसार लेखी मागा. बहुतेक वेळा भांडण मापाचं असतं. वॉर्डरोब साडेसात फूट रुंद, सात फूट उंच, म्हणजे साडेबावन्न स्क्वेअर फूट. वर दोन फुटांचा लॉफ्ट, आणखी पंधरा. पार्टी नेमका तो लॉफ्ट धरत नाही. दोघांनी मिळून टेप लावा, शीटवर दोघांच्या सह्या घ्या. शटर वाकलं असेल तर नीट करून द्या, तेवढे पैसे त्यांनी रोखणं रास्तच आहे. एका शटरसाठी अख्ख्या किचनचं बिल अडवणं मात्र रास्त नाही.

कोटेशनबाहेरचं एक्स्ट्रा काम फुकट म्हणून केलेलं नसेल आणि पार्टी ते वापरत असेल, तर त्याच करार कायद्याच्या कलम ७० खाली मोबदला मागता येतो. तरी 'हो, करा' हा व्हॉट्सॲप मेसेज जपाच.

रागाने जाऊन कपाटं उचकटून आणू नका. गुन्हा तुमच्यावर दाखल होईल.

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा: बिल, मापं, मिळालेल्या रकमा, बाकी. व्याज मागणार हेही त्यात लिहा; इंटरेस्ट ॲक्ट, १९७८ प्रमाणे कोर्ट नोटिशीच्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर दाव्याची मुदत काम झाल्यापासून तीन वर्षं. पार्टीचा चेक बाउन्स झाला तर गोष्ट वेगळी: बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे.

दाव्याआधी लोकअदालतीत अर्ज करता येतो. तिथे तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी, त्यावर अपील नाही. ऐरोली, वाशी, बेलापूरची कामं ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे रायगडमध्ये, त्यासाठी पनवेलला चौकशी करा.