बंबाचा जाळ खालूनच आवरा

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत आणि आसपासच्या गावांत अनेक घरी आंघोळीचं पाणी अजून बंबावर तापतं. बंब म्हणजे उभं भांडं, मधोमध जाळाची नळी आणि तिच्याभोवती पाणी. पाणी तापेना झालं की जळण वाढवायची सवय असते. खरं तर आधी बघायचं ते खालचं तोंड, जिथून राख काढतो. हवा तिथून शिरते, जाळीतून जळणाला लागते आणि तापून मधल्या नळीतून वर जाते.

पेटवण्याआधी बंबात पाणी पुरेसं भरा. रिकाम्या बंबाला आच लागली तर सांध्यांचा डाक सुटतो. मग कालची राख काढा, जाळी मोकळी करा. तळाला नारळाच्या शेंड्या किंवा वाळकं चिपाड, वर बोटाएवढ्या काटक्या सुट्या टाका. (पेटवायला प्लास्टिकची पिशवी मात्र नको.) खालचं तोंड पूर्ण उघडं, वरचं टोपण काढलेलं. नळी गार असेपर्यंत ओढ धरत नाही, त्यामुळे थोडा धूर उलटा येणारच.

काटक्या धडधडू लागल्या की शेणीचे तुकडे किंवा मनगटाएवढं लाकूड घाला, पण नळी ठासू नका. आता खालचं तोंड पत्र्यानं निम्मं झाका. खरं काम इथे आहे. बंब घुमायला लागला, नळीतून जाळ वर डोकावला की आपल्याला बरं वाटतं, पण ती आच पाण्याला न लागता आभाळात चाललेली असते. उलट तोंड फार आवळलं तर लाकडातून निघणारे वायू जळतच नाहीत, दाट धूर होऊन निघून जातात. नळीच्या टोकाशी नुसती हवा थरथरावी, धूर जेमतेम दिसावा, एवढी फट ठेवा. पत्रा हलवल्यावर दोन-चार मिनिटं थांबून मगच पुन्हा हात लावा.

आच कमी करायला वरून टोपण कधीच घालू नका, धूर खालून बाहेर पडतो. निखारे उरले की पत्रा सरकवून फट आणखी कमी करायला हरकत नाही. तेव्हा धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास, आणि तो जीव घेतो. म्हणून बंब परड्यात, उघड्यावरच हवा. बंद न्हाणीत अजिबात नको.

पावसाळ्यात वारा गगनबावड्याच्या अंगानं, म्हणजे पश्चिमेकडून येतो, तेव्हा खालचं तोंड पश्चिमेला करू नका, झोताबरोबर जाळ वरखाली होतो. ओल्या लाकडाला मात्र फट वाढवून उपयोग नाही, बरीच आच त्यातलं पाणी आटवण्यातच जाते. दोन लाकडं एकमेकांवर आपटून खणखणीत वाजली तरच ती बंबात घाला.

महिन्यातून एकदा, बंब गार असताना, नळीतली काजळी तारेच्या ब्रशनं वरून खाली खरवडा. तिच्या थरामुळे आच पाण्यापर्यंत पोचत नाही आणि हवेची वाटही अरुंद होते.