‘अवर टाउन’ बसवायचं असेल तर

अमेरिकन लेखक थॉर्न्टन वाइल्डरचं, एका लहान गावातल्या दोन शेजारी कुटुंबांवरचं हे नाटक बऱ्याचदा एका हिशेबाने निवडलं जातं: नेपथ्य नाही, म्हणजे खर्च नाही. हिशेब इथेच चुकतो. नेपथ्यावर वाचलेला वेळ तालमीत दुपटीने जातो.

आधी परवानगी. नाटक 1938 चं असलं तरी हक्क खुले झालेले नाहीत. मराठीत करणार असाल तर भाषांतराची परवानगी वेगळी मागावी लागते. तालमी सुरू झाल्यावर पत्र पाठवलं तर हॉलची तारीख हातची जाते.

सामान एवढंच: दोन टेबलं, दोन्हींकडे तीन-तीन खुर्च्या, एक बुटका बाक, वेलींच्या दोन कमानी, घडीच्या दोन शिड्या. दुसऱ्या अंकात दोन खुर्च्यांच्या पाठींवर फळी टाकली की औषधांच्या दुकानाचा सोडा काउंटर झाला. समोर दोन उंच स्टुलं. तिसऱ्या अंकात दहा-बारा साध्या खुर्च्या प्रेक्षकांकडे तोंड करून, तीन विरळ रांगांत. त्या थडगी आहेत, मेलेली पात्रं त्यांवर बसतात. शिड्या पक्क्या हव्यात. शेजारी राहणारे जॉर्ज गिब्ज आणि एमिली वेब त्यांवर बसून चांदण्यात अभ्यास करतात आणि शिडी डुगडुगली की प्रेक्षक संवाद सोडून पायऱ्यांकडे बघतात.

थेट या नाटकाला भिडू नका. रिकाम्या रंगमंचाची ही रीत वाइल्डरने 1931 च्या एकांकिकांत घोटून घेतली होती. ‘द हॅपी जर्नी’मध्ये चार खुर्च्यांची मोटार होते आणि एक कुटुंब प्रवासाला निघतं. ती आठवडाभर करून बघा. वळणावर चौघं एकाच क्षणी, एकाच बाजूला कलले, तरच मोटार दिसते.

मग गिब्ज आणि वेब या दोन घरांची स्वयंपाकघरं. पहिल्या आठवड्यात खरी भांडी द्या, खऱ्या शेंगा निवडायला लावा, दुसऱ्या आठवड्यात सगळं काढून घ्या. प्रयोगात भांडी नसतात, नुसता मूकाभिनय असतो; हाताला वजन आठवलं पाहिजे. चुलीचं दार कुठल्या बाजूला उघडतं, कपाट किती उंच, हे जमिनीवर टेप लावून आणि संहितेत लिहून पक्कं करा. दूधवाल्या हाउवीची घोडी बेसी दिसत नाही. पण तिचं डोकं कुठे आहे यावर दोन नटांची नजर जुळली नाही, तर घोडी मेलीच म्हणून समजा. कोंबडा, आगगाडीची शिटी हे आवाज मात्र ऐकू येतात, ते वेळेवर हवेत.

एवढा काटेकोरपणा का, ते तिसऱ्या अंकात कळतं. बाळंतपणात गेलेली एमिली आपल्या बाराव्या वाढदिवसाच्या सकाळी परत येते: 11 फेब्रुवारी 1899. आई तशीच नाश्ता करते आहे. पहिल्या अंकातले तेच हात, तीच चूल प्रेक्षकांना ओळखू आली पाहिजे. मिसेस वेबचा मूकाभिनय तिथे ढिला राहिला असेल, तर इथे कितीही रडलात तरी काही होत नाही.

आणि रडायचं तर नाहीच. मृतांनी मान किंवा डोळे वळवायचे नाहीत, पण ताठरही बसायचं नाही. आवाज रोजच्या बोलण्याचा, सुतकी नव्हे. लेखकाच्या सूचनाच तशा आहेत. संथपणा आणि हुंदके यांनी या नाटकाचे जितके प्रयोग पडतात, तितके पाठांतर चुकून पडत नसतील.

नाटकात स्टेज मॅनेजर नावाचं, प्रेक्षकांशी बोलणारं एक पात्र आहे. तो म्हणजे आपला सूत्रधार, असं समजून त्याला गाता-नाचता करण्याचा मोह मराठी संघाला होणारच. आवरा. हा माणूस टोपी घालून, पाइप तोंडात धरून टेबलं मांडतो आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलतो. मूळ प्रयोगात फ्रँक क्रेव्हनने ही भूमिका केली. मध्यंतरी दोन आठवडे खुद्द वाइल्डर त्याच्या जागी उभा राहिला. कादंबरीसाठी 1928 मध्येच पुलित्झर हा अमेरिकन पुरस्कार मिळालेला लेखक होता तो. या नाटकाने नाटकासाठीचंही मिळवून दिलं.

छत्र्या तालमीत पहिल्या दिवसापासून आणा. प्रेतयात्रेतली माणसं त्या उघडून एकत्र उभी राहतात आणि त्यांच्यातून पांढऱ्या पोशाखातली एमिली बाहेर येते. काड्या एकमेकींत अडकतात, वाट बंद होते. मोकळ्या फटीची जागा ठरवून टाका.

शेवटी स्टेज मॅनेजर घड्याळाला किल्ली देतो. ते घड्याळ खरं असू द्या आणि त्या वेळी संगीत नको.