विज्ञान, तंत्रज्ञान, राजकारणावर वाद घालताय? या चुका टाळा

चिपळूणजवळच्या आमच्या गावात, आमच्या ओटीवर, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी माणसं जमतात. एक विषय ठरलेला असतो. धरण, रिफायनरी, अणुवीज, मतदान यंत्रं, मासेमारीच्या जाळ्यांवरची बंदी, मोबाइल टॉवर, काहीही. चहा दोनदा होतो आणि साडेअकराला बैठक मोडते. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचो. निवृत्त झाल्यावर हे सुरू केलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. गणपतीत चाकरमानी आले की रात्रीची आरती आटोपल्यावर एक जादा बैठक होते आणि ती सगळ्यात तापते.

अकरा वर्षं त्याच त्याच चुका पाहतोय. माणसं नवी येतात, पण चुका जुन्याच असतात. वाद घालायला माझा विरोध नाही, वाद व्हायलाच हवेत. ज्या किनाऱ्यावर अणुप्रकल्प, बंदर, रिफायनरी, धरण सगळंच यायचं आहे किंवा येऊन गेलं आहे, तिथल्या माणसाने गप्प बसणं मला पटत नाही. म्हणूनच वाद वाया गेला की जीव तुटतो.

आकडा सांगता, एकक सांगत नाही

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. तिच्यावर जरा जास्त लिहितो.

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. पुढे काही महिन्यांनी ओटीवर तोच विषय घेतला. पूर कशाने आला? एक बाजू म्हणत होती की पाऊसच तसा पडला. दुसरी म्हणत होती की कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलं. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोयनेचं पाणी वीज तयार करून सह्याद्रीच्या या बाजूला उतरतं, पोफळी-कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत येतं. म्हणजे आमच्या नदीत आमचा पाऊस असतो आणि घाटापलीकडचं पाणीही असतं. त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता.

पण पहिल्या दहा मिनिटांतच गाडी रुळावरून घसरली. कॉलेजात शिकणारा एक मुलगा मोबाइलवरून आकडे वाचत होता. ते क्युसेकमध्ये होते. समोरचे काका टीएमसीत बोलत होते. तिसरा पावसाचे मिलिमीटर सांगत होता. तिघेही एकमेकांना खोटं ठरवत होते आणि तिघेही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. त्यात बाजारपेठेतले एक दुकानदार होते, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. त्यांनी पिशवीतून उधारीची वही आणली होती. पानं एकमेकांना चिकटून वहीची वीट झाली होती, कडांना वाळलेला चिखल होता. त्यांना बोलायचं होतं. मुलगा म्हणाला, "भाऊ, भावना बाजूला ठेवा, आकड्यांवर बोलू." भाऊंनी वही पिशवीत घातली आणि उठून गेले. त्यानंतर सात महिने ते आले नाहीत.

मुलगा ज्या आकड्यांवर बोलू म्हणत होता, त्यांचा अर्थ त्यालाच ठाऊक नव्हता. मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर फळा टांगला आणि त्यावर खडूने चार ओळी लिहिल्या. त्या आजही आहेत:

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८.३ लिटर. हा वेग आहे, साठा नाही.
टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. हा साठा आहे.
११,५७४ क्युसेकने २४ तास पाणी वाहिलं की १ टीएमसी होतं.
२८३ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की तेही १ टीएमसी होतं.

या चार ओळी समोर असल्या की वादाचं रूपच बदलतं. "दहा हजार क्युसेक सोडले" असं कुणी म्हणालं तर पुढचा प्रश्न आपोआप येतो: किती तास? सहा तास सोडले असतील तर ते २१.६ कोटी घनफूट, म्हणजे टीएमसीचा पाचवा भाग. मग खोऱ्यावर पडलेल्या पावसाशी त्याची तुलना करता येते. त्याच्या पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: कधी सोडले? वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते. खाडीला भरती असेल तर नदीचं पाणी लवकर ओसरत नाही. म्हणजे थोडं पाणीही चुकीच्या वेळी आलं तर नडतं आणि बरंच पाणी ओहोटीला निघून जाऊ शकतं. नुसत्या आकड्यावर दोन्ही बाजूंनी कितीही ओरडलं तरी हे कळत नाही. त्यात नदीतला गाळ, पात्रालगतची बांधकामं ही कारणं वेगळीच. पुराला एकच कारण शोधणारा माणूस मला नेहमी घाईत वाटतो.

विजेचंही असंच. मेगावॉट ही क्षमता झाली. घरच्या बिलातलं युनिट ही प्रत्यक्ष वापरलेली वीज. १ मेगावॉट तासभर चालला की १,००० युनिट होतात. किरणोत्साराच्या वादात बेकरेल आणि सिव्हर्ट एकच समजतात. बेकरेल सांगतो की सेकंदाला किती अणू फुटले, सिव्हर्ट सांगतो की शरीराला ते किती बाधेल.

माझी सवय सांगतो. समोरच्याने आकडा उच्चारला की मी तो कागदावर लिहितो आणि कागद त्याच्याकडे सरकवतो. "याच्यापुढे काय लिहू?" एवढंच विचारतो. एकक सांगता आलं नाही तर तो आकडा त्या दिवसापुरता बाद. माझा स्वतःचा असला तरी.

आणि भाऊंसारखा माणूस बोलायला लागला की आधी ऐका. त्याच्या दुकानात पाणी किती वाजता शिरलं आणि किती वेळात छताला लागलं, हीसुद्धा मोजमापंच आहेत. मी पुढे त्यांच्या घरी जाऊन ती लिहून आणली. वेळांचा तसा तपशील बैठकीत दुसऱ्या कुणाकडेही नव्हता.

काही चुका, थोडक्यात

"शास्त्रज्ञ म्हणतात." कोणते? कशाचे? भूकंपाचा अभ्यासक मासळीवर बोलला तर ते त्याचं मत झालं.

फोटो पाठवून वाद जिंकणे. फोटो कुठला, कधीचा हे माहीत नसेल तर दाखवू नका.

"तू कुठल्या पक्षाचा ते माहितेय आम्हाला." या वाक्यानंतर मी चहा मागवतो आणि विषय बंद करतो.

"तू मुंबईत राहतोस, तुला काय कळणार" आणि त्याच्या उलट "तुम्ही गावात राहून जग बघितलंय कुठे". दोन्ही वाक्यं गणपतीच्या बैठकीत मी बंद केली आहेत. मुंबईतल्याची इथे जमीन आहे, इथल्याची मुलं मुंबईत आहेत.

"टॉवर बसला आणि त्याच साली मोहर गळला." मग ज्या वाडीत टॉवर नाही, तिथे त्या साली मोहर कसा होता? हा प्रश्न विचारायला शेजारच्या गावात जावं लागतं, म्हणून कुणी विचारत नाही. थंडी उशिरा पडली का, अवकाळी पाऊस झाला का, तुडतुडे, थ्रिप्स ही कीड होती का, हे आधी बघा. टॉवरवर नंतर बोलू.

कारण आणि जबाबदारी यांची सरमिसळ

ही माझी दुसरी दुखरी जागा.

२ जुलै २०१९च्या रात्री आमच्याच तालुक्यात तिवरे धरण फुटलं. भेंदवाडी वाहून गेली, माणसं गेली. काही दिवसांत राज्याचे तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरणाची भिंत पोखरली. राज्यभर संताप उसळला. लोक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले.

त्या महिन्यात ओटीवर वाद झाला. इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा तावातावाने सिद्ध करत होता की खेकडा धरण फोडूच शकत नाही. समोरचे एक गृहस्थ म्हणत होते की मंत्री खोटं कशाला बोलतील. दीड तास हेच. शेवटी मागे बसलेली एक मावशी बोलली. ती भातशेती करते आणि बैठकीत सहसा बोलत नाही. म्हणाली, "आमच्या बांधाला दरसाल मुठे भोकं पाडतात. मी लावणीआधी फिरून बुजवते. नाही बुजवली तर बांध जातो. मग मुठ्यांवर खापर फोडू का?" मुठे म्हणजे शेतातले खेकडे.

सगळे गप्प झाले, कारण दीड तास दोन वेगळे प्रश्न एकच समजून भांडण चाललं होतं. पहिला प्रश्न विज्ञानाचा: मातीच्या भिंतीला भोक पडून ती फुटू शकते का? तर हो. प्राण्याचं बीळ, कुजलेलं झाडाचं मूळ, नीट न दाबलेली माती, पाणी सोडायच्या नळालगतची फट, यांतून पाणी वाट काढतं. जाताना मातीचे कण नेतं आणि भोक मोठं होत जातं. अशा बंधाऱ्याखाली नितळ पाणी झिरपत असेल तर त्यावर नजर ठेवायची. पाणी गढूळ यायला लागलं तर भिंतीतली माती निघून चालली आहे, तेव्हा ताबडतोब हाकाटी करायची. दुसरा प्रश्न राजकारणाचा आणि कारभाराचा: ते भोक बघायचं काम कुणाचं होतं आणि त्याने ते केलं का? गळतीच्या तक्रारी आधी केल्या होत्या, असं गावकरी तेव्हा सांगत होते. त्या तक्रारींचं काय झालं, हा खरा प्रश्न होता.

मुलाने पहिल्या प्रश्नावर "अशक्य" म्हणून आपली बाजू कमकुवत करून घेतली. ज्या दिवशी कुणी बीळ दाखवलं असतं त्या दिवशी तो हरला असता आणि त्याच्याबरोबर दुसरा, महत्त्वाचा प्रश्नही बुडाला असता. राग खरा होता, पण त्याने चुकीच्या ठिकाणी पाय रोवला.

म्हणून आता बैठक सुरू होण्याआधी मी फळ्यावर दोन रकाने काढतो. डावीकडे "काय झालं / काय होतं", उजवीकडे "काय करायचं / कुणी करायचं". प्रत्येक वाक्य कुठल्या रकान्यात जातं हे बोलणाऱ्यानेच सांगायचं. डाव्या रकान्यातल्या वाक्याला मोजमाप लागतं. उजव्या रकान्यात तुमचं मत चालतं, तुमचं भलं-बुरं चालतं, तिथे मतदानही चालतं. डाव्या रकान्यात मतदान चालत नाही.

जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाचंच घ्या. एक म्हणतो, "चेर्नोबिल बघा, फुकुशिमा बघा." दुसरा म्हणतो, "तारापूर १९६९ साली सुरू झालं, काय झालं तिथे?" दोघेही एकच चूक करतात. चेर्नोबिलच्या अणुभट्टीत ग्रॅफाइट होतं, तिची रचनाच वेगळी. फुकुशिमाला त्सुनामीने वीज गेली आणि थंड करायची यंत्रणा बंद पडली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या आणि लहान आहेत. माडबनला, म्हणजे जैतापूर प्रकल्पाच्या जागी, ठरलेल्या सहा भट्ट्या दाबाखालच्या पाण्याच्या, प्रत्येकी १,७३० मेगावॉटच्या. एकीवरून दुसरीचं भविष्य सांगता येत नाही. इथे वेगळे प्रश्न विचारायचे: बाहेरची वीज गेली तर ही भट्टी किती वेळ थंड ठेवता येते, वापरलेलं इंधन कुठे ठेवणार, गरम पाणी समुद्रात किती आणि कुठे सोडणार. हे झाले डावीकडचे प्रश्न. त्यांची उत्तरं चांगली आली तरी एखाद्या मच्छीमाराला प्रकल्प नको असू शकतो. तो उजवा रकाना, आणि तो त्याचा हक्क आहे. त्याला "अडाणी" म्हणणाऱ्यांना मी ओटीवर बसू देत नाही.

न वाचता वाद

नव्याने येणाऱ्या मुलांना उत्तर पाच मिनिटांच्या व्हिडिओत हवं असतं. मला हे मान्य नाही आणि मी ते तोंडावर सांगतो. पश्चिम घाटाच्या संरक्षणावरून भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांना हेही ठाऊक नसतं की अहवाल दोन आहेत. गाडगीळ समितीचा २०११चा, त्यात अख्ख्या घाटाच्या संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. कस्तुरीरंगन गटाचा २०१३चा, त्यात साधारण ३७ टक्के भागच संवेदनशील धरला. एकाचं कलम दुसऱ्याच्या नावावर खपवलं जातं.

मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी लागते तेव्हा २००६च्या पर्यावरणविषयक सरकारी अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध करावा लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात तो मिळतो. सुनावणीला हजार माणसं जातात, सारांश वाचलेली किती असतात? मी तिथे घसा बसेपर्यंत ओरडणारे पाहिलेत आणि एकदा शांतपणे पान क्रमांक सांगून प्रश्न विचारणारी एक मुलगी पाहिली. इतिवृत्तात तिचा प्रश्न जसाच्या तसा आला.

कागद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. अर्जात "का" विचारू नका. "अमुक तारखेच्या तपासणी अहवालाची प्रत द्यावी" असं लिहा. कागद मागितला की कागद मिळतो, मत मागितलं की अर्ज परत येतो.

वाद अडकला तर

कधी कधी सगळं नीट करूनही गाडा रुततो. त्या वेळी मी एकच करतो. दोघांना जागा बदलायला लावतो आणि समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायला सांगतो. ज्याचं म्हणणं आहे त्याने "हो, हेच म्हणतोय मी" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात तो हाच. न्यायसूत्रात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत: खरं शोधायला केलेला, जिंकायला केलेला आणि स्वतःचं काही न मांडता नुसता मोडायला केलेला. जागा बदलल्या की कोण कशाला बसलंय ते दहा मिनिटांत कळतं.

भाऊ सात महिन्यांनी परत आले, तेव्हा मी त्यांना फळ्यापाशी नेलं. त्या मुलालाही बोलावलं होतं. भाऊंनी दुकानातल्या पाण्याच्या वेळा सांगितल्या, मुलाने त्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी लिहिल्या. त्यातल्या दोन वेळा तक्त्याशी जुळेनात. भाऊ म्हणाले, "थांब रे, शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारतो, त्याच्याकडे मोबाइलमध्ये फोटो आहेत वेळेसकट." आणि त्यांनी तिथूनच फोन लावला.