स्प्रिंटच्या मधेच "अर्जंट" काम आलं तर काय करायचं

हिंजवडी असो की खराडी, स्प्रिंटमध्ये (म्हणजे कामं आधी ठरवून घेतलेल्या काही आठवड्यांच्या टप्प्यात) सॉफ्टवेअर टीमचं दुखणं एकच. शुक्रवारच्या डेमोला फीचर हवंय, सपोर्टवाले प्रॉडक्शनचा (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमचा) बग घेऊन डोक्यावर बसलेत आणि मॅनेजर म्हणतो दोन्ही करा. दोन्ही होत नाही, झालंच तर टेस्टिंगला कात्री लागते.

सगळ्यात आधी, काय सोडायचं हे डेव्हलपरवर टाकू नका. मग ज्याचा मेसेज शेवटी आला त्याचं काम आधी होतं, ज्युनिअर पोरांना तर कोणालाच नाही म्हणता येत नाही आणि ती रात्री बसतात. प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे कोणतं काम आधी हे ठरवणाऱ्याला, सरळ विचारा, "हे घेतो, पण बाहेर काय काढू?" त्याने सांगितलेली स्टोरी (कामाचा एक तुकडा) तिथल्या तिथे जिरामध्ये, म्हणजे कामं नोंदवायच्या टूलमध्ये, बॅकलॉगला (पुढच्या कामांच्या यादीत) टाका, कोणी ठरवलं ते कमेंटमध्ये लिहा. स्क्रम गाइडही (स्प्रिंटने काम करायच्या पद्धतीची नियमपुस्तिका) हेच सांगतं, स्प्रिंट गोल (त्या स्प्रिंटचं मुख्य उद्दिष्ट) धोक्यात येईल असा बदल नको, स्कोप मात्र प्रॉडक्ट ओनरशी बोलून कमीजास्त करता येतो.

आता पुण्यातली खरी अडचण. प्रॉडक्ट ओनर न्यूयॉर्कला असेल तर बग सकाळी ११ला येतो तेव्हा तो झोपलेला असतो. उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे १० म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ. तोपर्यंत अख्खा दिवस तळ्यात-मळ्यात जातो. म्हणून नियम आधीच ठरवून घ्या आणि तो त्याच्याकडून मेलवर लिहून घ्या: पेमेंट बंद किंवा लॉगिन होत नसेल तर हातातलं सोडून तेच, बाकी सगळं संध्याकाळच्या कॉलपर्यंत थांबेल. आणि दिवसभर इकडे कोणाचा शब्द चालणार, त्याचं नाव पण त्यात हवं.

स्प्रिंटच्या प्लॅनिंगला टीमची कपॅसिटी (जेवढं काम झेपेल ते) पूर्ण भरू नका. मागच्या ३-४ स्प्रिंटमध्ये मधेच किती काम घुसलं ते बघा, तेवढी जागा मोकळी सोडा, गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या त्याच्या आधीच वजा करा. प्रॉडक्शनसाठी एक माणूस आळीपाळीने ठेवा, म्हणजे बाकीच्यांची तंद्री मोडत नाही. डेलीच्या, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगच्या, १५ मिनिटांत काय घ्यायचं-सोडायचं यावर वाद घालू नका, ज्यांचा संबंध आहे ते नंतर बोलतील.

रेट्रोला, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटच्या आढावा मीटिंगला, बाहेर काढलेल्या स्टोऱ्यांची यादी उघडा. एकच स्टोरी तीन-तीनदा बाहेर गेली असेल तर ती खरंच हवीय का, हे प्रॉडक्ट ओनरला तिथेच विचारून घ्या.