चोराआधी पाणी विचारा: कोकणातल्या शहरात भाड्याने घर घेताना या चुका टाळा

माझी नोकरी बदलीची. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ अशी तीन गावं आणि भाड्याची सहा घरं झाली. घर दाखवणाऱ्याला मी पहिला प्रश्न एकच विचारायचे, "एरिया सेफ आहे ना?" उत्तरही ठरलेलं: "एकदम सेफ, मॅडम. दार उघडं टाकून झोपा." ते खोटं नसायचं. चोऱ्यामाऱ्यांच्या बाबतीत आमची शहरं बरीच बरी. पण चौथ्या घरात माझा फ्रिज, गादी आणि कागदपत्रांची पेटी गेली ती चोरामुळे नाही. वहाळाचं, म्हणजे मागच्या ओढ्याचं, पाणी उंबऱ्यावरून आत आलं, आणि मालकाने "असं कधी झालंच नव्हतं" म्हणून हात झटकले. शेजारच्या आजींनी मात्र तिसऱ्याच दिवशी सांगितलं, "गो, दोन-तीन वर्षांनी येताच हा पाणी."

त्या आजींना आधी का विचारलं नाही, हीच माझी चूक. बाकीच्या चुका तिच्याच पोटातल्या.

घर मे महिन्यात बघून ठरवणं

बदल्या मे-जूनमध्ये होतात, म्हणून घरंही तेव्हाच बघितली जातात. मे महिन्यात चिपळूणची शिवनदी नाल्यासारखी दिसते. तिच्या काठचं घर बघताना वारा छान येतो एवढंच जाणवतं. 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 च्या पुरात याच शहराचं काय झालं ते इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. 2021 ला बाजारपेठ, चिंचनाका, पेठमाप या भागांत तळमजलेच्या तळमजले पाण्याखाली होते. तीच गत महाडमध्ये सावित्री-गांधारीची, खेडमध्ये जगबुडीची, राजापुरात अर्जुना-कोदवलीची. राजापूरच्या जवाहर चौकात पाणी शिरल्याची बातमी तर बहुतेक पावसाळ्यात ठरलेली.

म्हणून "इथे पूर येतो का?" असं विचारूच नका. त्याचं उत्तर कायम "छे, नाही हो" असंच येतं. "2021 ला पाणी कुठपर्यंत होतं?" असं विचारा, आणि तेही मालकाला नव्हे, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला. तो काही बोलायच्या आधी त्याचा हात वर जातो आणि कुठल्या तरी फळीपाशी थांबतो. त्याच्या दुकानात खालची फळी रिकामी असेल, पोती लाकडी मांडणीवर चढवलेली असतील, तर ती पुराचीच शिकवण. इमारतीत विजेचे मीटर कुठे आहेत तेही बघा. डोक्याच्या वर बसवलेले असतील तर कोणीतरी कधीतरी धडा घेतलाय.

जलसंपदा विभागाने नद्यांच्या पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नगरपरिषदेत चौकशी केली तर आपला भाग कुठे येतो ते कळू शकतं. पण नकाशात नदी असते; तुमच्या मागचा वहाळ, ज्याच्यावर कोणीतरी स्लॅब टाकून गाड्या लावल्या आहेत, तो असेलच असं नाही. माझ्या घरात आलं ते त्याच वहाळाचं पाणी.

जागेचं जुनं नावही ऐका. पत्त्यात खाजण असेल तर तिथे कधीकाळी भरतीचं पाणी येत होतं. मळा म्हणजे सखल शेतजमीन. वाडवडिलांनी ही नावं उगाच ठेवली नाहीत, आपणच त्यांच्यापुढे 'पार्क' आणि 'रेसिडेन्सी' जोडून विसरलो. सडा म्हणजे उंचावरचं जांभ्याचं पठार, तिथे पुराची भीती नाही. पण वारा मोकळा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात कौलं-पत्रे कसे उडाले ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या लोकांना विचारा. शिवाय एप्रिल-मेमध्ये सड्यावर पाणी कसं येतं, टँकर लागतो का, हेही विचारून ठेवा.

खाडीकाठचं घर असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीच्या वेळी जाऊन या. कोरड्या दिवशी गटाराचं तोंड खाडीकडे असतं, उधाणाला ते उलटं वाहतं. बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले की समजून जा.

"वरचा मजला घेतला की झालं"

अर्धंच खरं. तुम्ही वाचता, पण मीटर, पाण्याचा पंप आणि दुचाकी खालीच असतात. पूर ओसरला तरी पुढचे कित्येक दिवस वीज नाही, वरच्या टाकीत थेंब नाही, जिन्यात चिखल. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर हे सगळं मोजूनच घ्या.

दुसऱ्या टोकाला डोंगर. पाण्याला भिऊन लोक चढावर जातात आणि टेकडी उभी कापून बांधलेल्या इमारतीच्या मागच्या फ्लॅटमध्ये राहतात, जिथे स्वयंपाकघराच्या खिडकीतून लाल माती हाताला लागते. 22 जुलै 2021 लाच महाड तालुक्यात तळीये गावावर दरड आली आणि 80 हून जास्त माणसं गेली. मागच्या संरक्षक भिंतीत पाणी निघून जायला भोकं आहेत का, ती बुजली तर नाहीत, भिंतीला पोट आलंय का, वरची झाडं-खांब कलले आहेत का, हे पाच मिनिटांत दिसतं. पावसात तिथून गढूळ झरा फुटत असेल तर ते घर नको. भाडं कितीही कमी असू दे.

"नवी इमारत आहे, काळजी कसली?"

महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत 24 ऑगस्ट 2020 ला कोसळली आणि 16 जण गेले. ती काही जुनाट वाडा नव्हती. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, आहे का हे विचारायला लाजू नका. तळमजल्याचे खांब बघा: काँक्रीटचे पापुद्रे सुटलेत, गंजलेली सळी दिसते, तर वरचं नवं टाइल्सचं काम बघून भुलू नका. खाऱ्या हवेत सळ्या लवकर गंजतात.

गणपतीत बघितलेली वाडी

ही खास आमच्याकडची चूक. रत्नागिरीत एकदा मी भाद्रपदात घर बघितलं. प्रत्येक घरात दिवे, आरत्या, अंगणात मुलं, रात्री अकराला बायका झिम्मा खेळतायत. याहून सुरक्षित वस्ती कुठली? विसर्जन झालं, चाकरमानी मुंबईला परतले, आणि दोन आठवड्यांत आमच्या गल्लीत उजेड असलेली घरं उरली तीन. बाकी सगळ्यांना कुलूप, थेट शिमग्यापर्यंत. रात्री फाटकापासून दारापर्यंत चालताना माझी मलाच पावलं ऐकू यायची. अलिबाग, दापोलीकडे विकेंडच्या बंगल्यांच्या गल्ल्यांचंही हेच: शनिवारी गर्दी, मंगळवारी चिटपाखरू नाही. कुलूपबंद घरांची रांग चोरांनाही कळते.

म्हणून घर दोनदा बघा. त्यातलं एकदा सण-सुट्टीबाहेरच्या साध्या वारी, रात्री नवाच्या सुमारास, आणि शक्यतो बसने उतरून चालत. एकट्या बाईने राहायचं असेल तर हे टाळू नकाच. कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावाबाहेर आहेत, आणि गाडी रात्री उशिरा आली की रिक्षावाला "तिकडे येणार नाही" म्हणतो ते नेमकं अशाच गल्लीबद्दल. रिक्षा स्टँडवर आधीच भाडं विचारून बघा. नुसता नकार आला तरी माहिती मिळाली.

विचारायचं कोणाला? दूधवाला, गॅस सिलिंडर आणणारा पोरगा, पोस्टमन. यांना कमिशन नसतं. घर बघायला जाल तेव्हा मालकाच्या गाडीतून जाऊ नका, तो चांगल्या रस्त्याने नेतो.

परसात रचलेल्या दगडांचा गडगा आणि पालापाचोळा असेल तर फुरसं (छोटा विषारी साप) असणार हे गृहीत धरा, आणि सापाच्या विषावरचं औषध असलेलं सरकारी रुग्णालय किती अंतरावर आहे ते बघून ठेवा.

कागद

यावर फार लिहीत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि तो नोंदवणं मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर वादात उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी धरल्या जातात. "गावात काय करार करायचा, विश्वासावर चालतं" म्हणणाऱ्या मालकाला हे हसत हसत सांगा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात गेली की नाही तेही बघा. ती ऑनलाइनही भरता येते. पाणी घरात आल्यास नोटीस कालावधी न पाळता सोडता येईल, अशी एक ओळ करारात घालून घ्या. मी आता घालतेच.

घर घेऊन झालंय आणि आता कळलंय

लगेच सोडणं जमत नसेल तर जूनच्या आत एवढं करा. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. फ्रिज आणि मशीन शक्य तितकं उंच चढवा. मीटरचा मुख्य स्विच कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. पाणी चढायला लागलं की आधी तो बंद, पण पाण्यात उभं राहून हात लावायचा नाही. वरच्या मजल्यावर एक ओळखीचं घर जोडून ठेवा. मुसळधार पावसाचा इशारा आला आणि त्याच दिवशी उधाण असेल तर संध्याकाळीच गाडी चढावर नेऊन लावा. इंजिनात पाणी गेलेली गाडी सुरू करून बघू नका, तशीच ओढून गॅरेजला न्या. स्टार्टर मारला की इंजिन बसतं, आणि विमा कंपनी नेमकं तेच कारण दाखवते.