कुत्रं गोळी थुंकून देते? आमच्या भुरीसोबत जे जमलं ते सांगतो

भुरी आमची वावरातली कुत्री. रात्री रानडुकरं पऱ्हाटीत घुसली की सगळ्यात आधी तीच उठते, आम्ही मागून बॅटरी घेऊन. पोळा झाला अन् तिनं खाणं सोडलं. अंग तापलेलं, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, एका सकाळी नाकातून रक्त आलं. कानात अन् पायाच्या बोटांच्या मधात गोचीडच गोचीड होते. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की गोचिडापासून होणारा ताप आहे अन् डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस द्यायच्या, मधात सोडायच्या नाही. 28 दिवस! अन् ही भुरी, जी पहिल्याच दिवशी गोळी जिभेनं बाजूला काढून भाकर तेवढी खाऊन गेली.

पहिला आठवडा आमचा पूर्ण वाया गेला. आईनं गोळी चुरून दुधात टाकली, सगळेच असंच करतात. औषध कडू झालं, भुरीनं अर्धं दूध तसंच ठेवलं अन् त्या दिवसापासून दुधाच्या वाटीकडे पाहून मान फिरवायला लागली. ते फोनवर सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की डॉक्सीसायक्लिन दुधात द्यायचीच नसते, दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवते अन् ते अंगात नीट जात नाही. म्हणजे दही, खवा, पेढा, पनीर सगळं बाद. तेवढ्यात बाज सरकवून झाडायला घेतलं तर खाली चार गोळ्या सापडल्या. मले वाटे ही गिळते, अन् ही गालात धरून ठेवे, मी गेलो की थुंकून देई. म्हणून ताप उतरत नव्हता.

त्यामुळे गोळी घेतानाच डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: जेवणासोबत द्यायची की रिकाम्या पोटी, फोडली-चुरली तर चालते का, अन् उलटी झाली तर परत द्यायची का. काही गोळ्यांवर मुद्दाम आवरण असते, पॅन्टोप्राझोलसारख्या, त्या चुरल्या की पोटातल्या आम्लानं खराब होतात. वजनही विचारतील. आम्ही कापूस मोजायच्या काट्यावर मी आधी एकटा उभा राहिलो, मग भुरीला उचलून, दोन्हीतला फरक तेच तिचं वजन.

आता मेन गोष्ट. कुत्रं गोळी ओळखते त्याआधी तुम्हाला ओळखते. तुम्ही दबकत येता, दार लावता, गोळ्यांच्या पट्टीचा चर्रकन आवाज होते, बाजूला दोघं पकडायला उभे असतात, एवढ्यावरच त्याला समजते की आज काहीतरी आहे. म्हणून आम्ही दोन दिवस आधी नुसती सवय लावली (डॉक्टरांना विचारून, कारण गोळी चुकवायची नव्हती, ते दोन दिवस हातानं तोंड उघडून दिली, सकाळी, अन् सवय लावायची वेळ संध्याकाळची ठेवली). संध्याकाळी जेवणाच्या आधी, भूक लागलेली असताना, बोराएवढे तीन गोळे भाकरीचे. नुसते. पट्टी बाजूला वाजवायची अन् गोळा द्यायचा. तिसऱ्या दिवशी पट्टी वाजली की भुरी शेपटी हलवत पुढे.

मग खरी गोळी. पहिला गोळा रिकामा, दुसऱ्यात औषध, अन् दुसरा तोंडात जातो न जातो तोच तिसरा नाकासमोर धरायचा, दिसला पाहिजे. तिसऱ्याच्या घाईत दुसरा न चावता गिळला जाते, सगळा खेळ तिथंच आहे. गोळा मोठा केला तर चावते अन् चावलं की कडू लागते, म्हणून बोराएवढाच. ज्या हातानं गोळी धरली त्या हातानं वरची भाकर लावू नका, औषधाचा वास बाहेर लागते. मी एका हातानं गोळी खोचतो अन् दुसऱ्या हातानं बंद करतो.

कशात लपवायची? ज्वारीच्या भाकरीचा मधला मऊ भाग, थोडं तूप लावून मळलेला, हे रोजचं. सगळ्यात भारी म्हणजे उकडलेल्या कलेजीचा तुकडा, चाकूनं खाच पाडून आत गोळी, बिना मीठ बिना मसाल्याची. उकडलेलं कोंबडीचं, उकडलेलं रताळं, केळं पण चालते. पण घरच्या सावजी रस्स्यातला तुकडा देऊ नका, त्यात कांदा-लसूण असते अन् ते कुत्र्याच्या रक्तासाठी वाईट, तिथं आधीच रक्त कमी झालेलं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट तर अजिबात नाही.

दिल्यावर दोन मिनिटं तिथंच बसा. जीभ नाकावर फिरवली की बहुतेक गिळलं समजा. मग जेवण अन् पाणी लगेच द्या, कारण डॉक्सीसायक्लिन घशात अडकून राहिली तर आतून जखम करते.

कशातच घेत नसेल तर हातानं द्यावी लागते. कुत्र्याला भिंतीला टेकवून बसवा, समोरून अंगावर जाऊ नका, बाजूनं बसा. वरच्या जबड्यावरून हात नेऊन अंगठा अन् बोट सुळ्यांच्या मागे ठेवा, नाक थोडं वर करा, दुसऱ्या हाताच्या बोटानं खालचा जबडा उघडा अन् गोळी जिभेच्या मधोमध जितकी मागे जाईल तितकी ठेवा. कडेला ठेवली तर बाहेर येतेच. तोंड बंद, गळ्यावरून हळूहळू हात फिरवा, नाकावर फुंकर मारली तरी गिळते. नंतर सुई काढलेल्या सिरिंजनं थोडं पाणी. पातळ औषध असेल तर सिरिंज गालाच्या बाजूनं, दातांच्या अन् गालाच्या मधात, थोडं थोडं. मान उंच करून घशात ओतायचं नाही, ते फुफ्फुसात गेलं तर जीव जाऊ शकते. अन् झाल्यावर काहीतरी आवडीचं द्या, दरवेळी.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगा. कुत्रं अचानक लाळ गाळायला लागलं, गिळता येत नाही, आवाज बदलला, स्वभाव बदलला, तर घशात हाडूक अडकलं समजून तोंडात हात घालू नका. रेबीज असू शकते. लाळ हाताच्या जखमेला लागली किंवा दात लागला तर 15 मिनिटं साबण अन् वाहत्या पाण्यानं धुवा अन् त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा. हळद, मिरची, चुना लावत बसू नका.

ताप आहे म्हणून घरातली माणसाची गोळी पण देऊ नका. आयबुप्रोफेन अन् डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होते, किडनी जाते, पॅरासिटामॉलनं लिव्हर. ढोरांच्या गोचिडाचं औषध अंदाजानं कुत्र्यावर ओतणंही तसंच, ते अंग चाटते अन् सगळं पोटात जाते.

एखादी वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी डबल देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. चार-पाच दिवसांत कुत्रं उड्या मारायला लागते अन् घरचे म्हणतात आता काऊन देता, पण कोर्स पूर्ण करा. आमच्या थुंकलेल्या गोळ्यांमुळे डॉक्टरांनी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले होते, मी कॅलेंडरवर रोज टिक मारत गेलो. शेवटची टिक झाली तरी संध्याकाळचे तीन रिकामे गोळे अजून चालूच आहेत, कारण दर तीन महिन्यांनी जंताची गोळी द्यायची असते अन् ती याच्यापेक्षा कडू आहे.